जिनातलं जीन

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र. सातवीला इंग्रजी आणि विज्ञान हे दोन्ही विषय त्यांच्याकडे आहेत. विज्ञानाच्या तासाला पिकांच्या वाणांवर बोलणं चाललं होतं, तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, बीटीच्या पाकिटावर जीन लिहून रायते, थे जीन आन् आमचे बाबा ज्या जिनात जातेत थे जीन, एकच हाय काय जी?" मुलाचे वडील जवळच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (कापसाचं बी) वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, कामाला आहेत; पाकीट बीटी कापसाच्या बियाण्याचं. बाईंनी सांगून टाकलं, "हो, एकच. सरकीतून जीन वेगळं काढतात, म्हणून तर त्याला जिनिंग म्हणतात." मुलाने ते वहीत लिहून घेतलं. त्याचा मोठा भाऊ कृषी पदविका करतो. त्याच रात्री त्याने वहीच्या पानाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली हसणारे चेहरे आणि एक ओळ: "या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पाहा, आपल्या पोरांना शाळेत काय शिकवतात."

यजमान म्हणतात, गप्प राहा, आठ दिवसांत लोक विसरतील. मुख्याध्यापक म्हणतात, वर्गात विषय काढू नका, पालकांचा विश्वास उडेल. बाईंना वाटतं, मी मराठी माध्यमात शिकलेली, मला इंग्रजी शिकवायचा अधिकारच नाही. पुढच्या वर्षी विषय बदलून मागावा. त्यांचे प्रश्न दोन. चूक वर्गात सांगावी का? आणि दोन इंग्रजी शब्द खरंच एक आहेत की नुसते सारखे दिसतात, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

ताई,

तुमच्या तीन पानी पत्रात गाव आहे, ग्रुप आहे, मुख्याध्यापक आहेत, यजमान आहेत. ज्या पोराने प्रश्न विचारला त्याच्या वाट्याला मात्र जेमतेम चार ओळी आल्या. मी त्याच्यापासूनच सुरुवात करते.

वडील रोज डबा घेऊन जातात ते एक जीन. पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रातून घरी येणाऱ्या पाकिटावर छापलेलं असतं ते दुसरं. दोन्ही कापसाच्या घरातली, दोन्हींचा व्यवहार सरकीशी, दोन्ही इंग्रजीतून आलेली आणि देवनागरीत अक्षर न अक्षर सारखी. ही दोन एकच असतील का, असं सातवीतल्या मुलाला वाटलं तर त्याची नजर चांगली आहे असं मी म्हणेन. लंडनच्या मुलाला हा प्रश्न पडणारच नाही. त्याला एक शब्द जी-आय-एन असा दिसतो, दुसरा जी-ई-एन-ई असा. बोलतानाही एकाची इ आखूड, दुसऱ्याची लांब. आपण दोघांना मराठीच्या साच्यात घातलं. मीठ आणि मिठात, तसं जीन आणि जिनात. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घाचा जो फरक दोन शब्दांना वेगळं ठेवतो, तो आपल्याकडे विभक्ती लागली की इकडचा तिकडे होतो. घसरायला जागा होती ती इथे. तुमच्या मराठी माध्यमावर तिचं खापर फोडू नका.

पण घसरलात, हेही खरं. तुमचं उत्तर चुकलं आणि मी त्याला मुलामा देणार नाही. जिनात सरकीतून जीन काढत नाहीत. रुई आणि सरकी वेगळी करतात, इतकंच. बीटीचं जीन त्या सरकीत जिथल्या तिथे असतं.

आता दोन्ही शब्द जरा निवांत उलगडू, कारण तुमचा अर्धा त्रास त्यांना नीट न भेटल्यामुळे झालाय.

कापसाचं जीन म्हणजे इंजिन. खरंच, तोच शब्द. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या 'इंजिन' या शब्दाचं डोकं बोलता बोलता गळालं आणि 'जिन' उरलं. त्या फ्रेंच शब्दाच्या मागे लॅटिनमधला 'इंजेनियम' आहे. त्याचा अर्थ उपजत बुद्धी, हिकमत. मग हिकमतीने बनवलेली वस्तू, ती कुठलीही. जुन्या इंग्रजीत सशाच्या फासालाही जिन म्हणत आणि ओझं वर खेचायच्या यंत्रालाही. कापसापुढे ते येऊन चिकटलं आणि तिथेच राहिलं. अमेरिकेत इलाय व्हिटनीने आपल्या कॉटन जिनचं पेटंट घेतलं ते मार्च 1794 मध्ये. शाळेच्या पुस्तकांत हेच नाव येतं. पण तुमच्या मुलाचे वडील ज्या यंत्रापाशी उभे राहतात ते बहुधा व्हिटनीच्या घराण्यातलं नसेल. व्हिटनीच्या यंत्राला दात होते, ते रुई ओरबाडून घेत. आपल्याकडच्या जिनांमध्ये मुख्यतः चामडं बसवलेले दोन रूळ फिरतात. रूळ धाग्याला धरून ओढतात, सरकी पट्टीपाशी अडते, झटका बसतो आणि ती खाली जाळीतून गळते. व्हिटनीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे बायका हाताने चरखी फिरवून हेच करत होत्या. खादीच्या कामात याला ओटाई म्हणतात. सेवाग्राम तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हा हा शब्द मी तुम्हाला सांगावा असं नाही.

शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. रुईची 170 किलोची गाठ बांधली जाते. सरकी तेलघाण्याकडे आणि तिची ढेप गाई-बैलांच्या पुढ्यात. रुईचा हा उतारा कधी घसरतो, ओला कापूस आला तर रूळ कसे कुरकुरतात, हे त्या मुलाचे वडील तुम्हा-आम्हाला शिकवतील. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

पाकिटावरचं जीन वयाने फार लहान. विल्हेल्म योहानसन नावाचा डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ घेवड्याच्या दाण्यांवर काम करत होता. पिढ्यानपिढ्या उतरत जाणाऱ्या गुणांच्या मागे जे काही असेल त्याला सुटसुटीत नाव हवं, म्हणून 1909 मध्ये त्याने हा शब्द वापरात आणला. तो त्याने हवेतून काढला नाही. ह्यूगो द फ्रीस या डच शास्त्रज्ञाचा 1889 मधला 'पँजेन' हा शब्द होता, त्याचं पुढचं टोक छाटून टाकलं. गंमत पाहा, दोन्ही जीन डोकं उडवून झालेली आहेत. एकाचं लोकांनी बोलून बोलून झिजवलं, दुसऱ्याचं एका माणसाने जाणूनबुजून कापलं. आणि या दुसऱ्याची मुळी ग्रीक आहे. जन्म, कूळ, वंश असा तिचा अर्थ.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. जर्मनीतल्या थुरिंजिया भागावरून त्याला हे नाव मिळालं. बोंडअळीला बाधणारं प्रथिन बनवायची कृती त्या जिवाणूकडे आहे. ती कृती, म्हणजेच ते जीन, कापसाच्या झाडात बसवलं. भारतात अशा वाणांना परवानगी मिळाली मार्च 2002 मध्ये आणि दोन जीन असलेली वाणं आली 2006 मध्ये. ते जीन पऱ्हाटीच्या पेशीपेशीत असतं. पानात, पात्यांत, बोंडात, सरकीत. रुईचा प्रत्येक धागा हीसुद्धा सरकीच्या सालीतून लांबलचक वाढलेली एकच पेशी असते. मग जिनाचे रूळ त्यातून जीन बाजूला काढणार कसे?

आता तुमचा पहिला प्रश्न, सांगू की नको. माझं उत्तर सांगा असं आहे, आणि त्याचं पहिलं कारण ग्रुप नाही. कारण तुमच्या वर्गात शेतकऱ्यांची पोरं बसतात. बीटीच्या कडेने बिगरबीटी ओळी लावाव्यात असं कृषी खातं सांगत आलंय, अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून. गुलाबी बोंडअळीला ती लागली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. अशा गावात एखादं पोरगं घरी जाऊन म्हणालं, "बाबा, जिनातल्या सरकीतून जीन काढलेलं रायते, मॅडमनं सांगतलं, मंग कडीले तेच पेरू," तर? एखादा बाप ऐकेलही. ती सरकी बिगरबीटी झालेली नसते. आणि संकरित वाणाची सरकी घरची पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, हा भुर्दंड वेगळाच. तुमच्या एका वाक्याचा पल्ला वहीपेक्षा लांब आहे, ताई. म्हणून ते मागे घ्यायचं.

यजमानांचा सल्ला मी समजू शकते. गाव विसरेल, ते बरोबर बोलतात. गावाला पुढच्या आठवड्यात दुसरं काही मिळेल. पण वही विसरणार नाही. तिच्यात ते वाक्य शाईने लिहिलेलं आहे. मुख्याध्यापकांना भीती आहे की कबूल केलं तर विश्वास उडेल. मी उलट विचारते, आज त्या वर्गात कोणाला माहीत नाही की मॅडम चुकल्या? सगळ्यांच्या घरी फोन आहे. न सांगितलेली गोष्ट वर्गात रोज तुमच्यासोबत येऊन बसते आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आता इंग्रजीचा तास आला की पोटात गोळा येतो.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती मला सगळ्यात जास्त टोचली. त्या प्रसंगानंतर तो मुलगा वर्गात काय बोलला? त्याने काही विचारलं का? माझी शंका अशी की तो गप्प झाला असेल. फोटो त्याच्या वहीचा, टाकला त्याच्या भावाने, आणि हसू झालं त्याच्या मॅडमचं. आपल्या प्रश्नामुळे हे सगळं झालं, असं बारा वर्षांच्या डोक्यात बसायला वेळ लागत नाही. त्याला मोकळं करणं तुमच्याच हातात आहे, बाकी कोणाच्या नाही.

भावाच्या त्या ओळीकडे येते. 'काडीचाही संबंध नाही.' अर्थाच्या बाजूने बघितलं तर शंभर टक्के बरोबर. एक यंत्र, दुसरा वंशाचा घटक. एक शब्द दुसऱ्यातून निघालेला नाही, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पण शब्दांची वंशावळ उघडली तर गोष्ट थोडी वाकडी जाते. 'इंजेनियम'मध्ये जो 'जेन' आहे तो लॅटिनमधल्या जन्म देणं या धातूचा. इंजेनियम म्हणजे जन्मासोबत आत आलेली बुद्धी. आणि पाकिटावरच्या जीनची ग्रीक मुळी त्याच धातूची सख्खी बहीण. दोन्ही नद्या फार वर एका झऱ्यापाशी पोहोचतात. त्याच झऱ्याचं आपल्याकडे आलेलं पाणी म्हणजे संस्कृतातला 'जन्' धातू. जन्म, जनक, जननी, सगळे तिथले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून फुटल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स कलकत्त्याच्या एका व्याख्यानात बोलला ते 1786 साली. आणि विज्ञानाच्या मराठी पुस्तकात जीनला काय म्हणतात? जनुक. ते त्याच 'जन्'मधून घडवलेलं. म्हणजे मराठी शब्द करणाऱ्यांनी परक्याला नुसतं घर दिलं नाही, त्याला त्याच्या भाऊबंदांत नेऊन बसवलं. मला हे फार आवडतं.

एवढं वाचून हात फोनकडे गेला असेल. थांबा. "बघा, दोन्ही एकाच धातूचे, मी बरोबरच होते" असं ग्रुपवर लिहू नका. तुम्ही बरोबर नव्हता. हजारो वर्षांपूर्वीचा पणजोबा एक निघाला म्हणून आजचे दोन माणसं एक होत नाहीत, आणि त्या पणजोबाच्या पाठीमागे लपणंही बरं नाही. ग्रुपवर तर काहीच लिहू नका. तिथे तुम्ही एक लिहाल, वीस जण अंगठे दाखवतील, एकवीसावा विचारेल मग पगार कशाचा घेता.

वर्गात जा. आणि तिथे माफीचा कार्यक्रम करू नका. डोळ्यांत पाणी, गळा दाटलेला, असं काही नको, मुलं गांगरतात. फळ्यावर दोन्ही शब्द इंग्रजीत लिहा आणि सरळ बोला: "त्या दिवशी ह्याने एक चांगला प्रश्न विचारला होता. मी घाईत उत्तर दिलं, ते चुकलं. आज आपण बरोबर उत्तर काढू." नाव घेऊन बोला, म्हणजे प्रश्न त्याच्या नावावर जमा होईल. भावाचा उल्लेख नको. ग्रुपचा तर मुळीच नको.

मग टेबलावर कापूस ठेवा. प्रत्येक बाकावर एक फुटलेलं बोंड द्या आणि एका पाकळीतून रुई हाताने सोडवायला सांगा. रुई चिवट धरून बसते, सरकीला शेवटपर्यंत केस चिकटलेले राहतात, बोटांची नखं दुखतात. पाच मिनिटांत किती सरक्या निघाल्या ते मोजू द्या. मग एक पाट आणि गुळगुळीत लोखंडी सळई आणा. पाटावर थोडा कापूस पसरून त्यावरून सळई दाबून पुढे लोटली की रुई सळईसोबत पुढे जाते आणि सरकी टपकन मागे उडते. खादीवाल्यांची सलाई-पटरी हीच. पहिल्या दोन-तीन वेळा जमणार नाही, कापूस कडक उन्हात वाळलेला हवा. जमलं की मुलांना सांगा, ही हिकमत म्हणजे एक जीन. मग हातावरची सरकी दाखवा आणि सांगा, दुसरं जीन हिच्या आत आहे, सळईने ते निघालं नाही, निघणारही नाही. त्या सरकीकडे मुलं ज्या नजरेने बघतील ती बघायला मी तिथे असते तर बरं झालं असतं.

जमत असेल तर त्या मुलाच्या वडिलांना एक दिवस वर्गात बोलवा. हंगाम नसताना त्यांना वेळही असेल. रूळ कसा बदलतात, उतारा म्हणजे काय, एवढं त्यांनी सांगावं. जिनात मुलांना न्यायचंच असेल तर मालकाची परवानगी काढा, पट्ट्यांपासून आणि फिरत्या यंत्रापासून मुलं लांब ठेवा. रुईला आग लागायला एक ठिणगी पुरते, म्हणून आत माणसं कमी, डोळे जास्त. भावालाही बोलवता येईल, गुलाबी बोंडअळीबद्दल सांगायला. येईल की नाही ते त्याच्यावर. आला तर ऐका, नाही आला तर राहू द्या. त्याचा राग तुमच्यावर आहे की शाळेवर, मला कळत नाही, आणि तो या पत्राचा विषयही नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र पुष्कळ जणांचा आहे. गावोगावच्या शिक्षकांचाच नाही, पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा, अंगणवाडी ताईंचा, औषधांच्या दुकानात बसणाऱ्यांचा. इंग्रजी शब्द आपल्यापर्यंत देवनागरीत आणि कानावाटे येतात. तेव्हा दोन शब्द सारखे वाटले की पहिलं काम, त्यांना त्यांच्या मूळ कपड्यांत बघायचं. इंग्रजी स्पेलिंग शोधा. निम्मे घोटाळे तिथेच मिटतात. स्पेलिंगही एकच निघालं, तर शब्दाची लेकरं बघा. यंत्राच्या जिनचं काम जिनिंग, ते चालवणारा जिनर. दुसऱ्याचं लेकरू जेनेटिक. लेकरं वेगळी तर आई वेगळी असायचा संभव मोठा. यानेही समाधान झालं नाही तर मोठा इंग्रजी शब्दकोश उघडा आणि अर्थ वाचून मिटू नका. नोंदीच्या शेवटी किंवा सुरुवातीला शब्द कुठून आला ते दिलेलं असतं. फोनवरच्या चांगल्या शब्दकोशातही असतं. आपण ते कंटाळून सोडून देतो.

आणि ही सवय इंग्रजीपुरती नाही हे मुलांना दाखवायला विसरू नका, नाहीतर त्यांना वाटेल की फसवी भाषा तेवढी साहेबाची. माझा मामा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायला गेला तेव्हा आजीने त्याला विचारलं होतं, "थ्या पिठात दळतेत काय रे?" घरभर हशा. आजी काही वेडी नव्हती. गिरणीतलं पीठ संस्कृत पिष्टापासून आलं, म्हणजे दळलेलं. विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन. आवाज एक, अक्षरं एक, नातं शून्य. इंग्रजीत असंच हवं असेल तर काडेपेटीची मॅच आणि क्रिकेटची मॅच घ्या. एक आली वातीच्या जुन्या फ्रेंच शब्दातून, दुसरी जोडीदार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून. स्पेलिंग तंतोतंत एक, म्हणून ती पहिली युक्ती इथे फसते आणि कोश उघडावाच लागतो. वर्गात एक वही याच कामाला ठेवा. जो आणेल त्याची जोडी, त्याच्या नावासकट.

एवढं झाल्यावर पोरं गप्प बसणार नाहीत हे गृहीत धरा. पायातल्या जीनचं काय, असं कोणीतरी विचारेलच. ते कापड इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावावरून. घोड्यावरचं जीन फारसीतून आलेलं, त्याचा इंग्रजीशी संबंध नाही. आणि मागच्या बाकावरचा एखादा पिण्याच्या जिनबद्दल विचारेल. तिचं नाव जुनिपर नावाच्या झाडाच्या फळांवरून डच भाषेतून आलं. त्यापुढची चौकशी झाली तर आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणावं आणि धडा पुढे न्यावा.

राहिला विषय बदलून मागायचा. इंग्रजी शिकवणं तुम्हाला एरवीही ओझं वाटत असेल तर जरूर मागा, त्यात कमीपणा नाही. पण पत्रात तर असं दिसलं की गेल्या वर्षी तुम्ही पोरांकडून इंग्रजीत बाजाराची यादी करून घेतली होती आणि तुम्हाला ते आवडलं होतं. मग एका जीनपायी तो तास दुसऱ्याला देऊ नका. ज्याला देणार तोही बहुधा आपल्यासारखाच मराठीत शिकलेला असणार. आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्याला जिन म्हणजे इंजिन हे ठाऊक असतंच, असं कुठे आहे? तुमचं जे चुकलं ते त्या दिवशी 'उद्या बघून सांगते' हे चार शब्द... तीन, तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत, तेवढंच. ते आता टेबलावर ठेवा, शब्दकोशाच्या शेजारी. महिन्यातून दोनदा वापरा. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा की वर्गात काय करणार आहात. त्यांनी नकार दिला तर त्यांना त्या तासाला बसायला बोलवा आणि सळई त्यांच्याच हातात द्या.

मुलाच्या वहीतलं ते वाक्य तुम्ही लाल शाईने खोडू नका. त्याला स्वतःला खोडू द्या, खाली नवीन लिहू द्या आणि तारीख घालू द्या. तुमची सही त्या नव्या ओळीखाली. घरी गेल्यावर त्याच्या भावाला त्याचा फोटो काढावासा वाटला, तर काढू द्या.